चर कुणाच्या रानातून?

आमच्या अंथुर्ण्यात "त्याचं रान गेलं" असं म्हणतात, तेव्हा ते विकलं गेलं असा अर्थ नसतो. सातबारा नावावरच असतो, बांध जागच्या जागी असतात. फक्त पिकत नाही. नानांचं रान असंच गेलं, आणि त्यात आमच्या घराचा हात होता. हे मी इतकी वर्षं कुणाजवळ बोललो नाही.

नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. त्याच्या आधी हा सगळा दुष्काळी मुलूख. पाणी आलं, पुढं ऊस आला, पत्र्याची घरं स्लॅबची झाली. पण काळ्या भारी जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. पाळी आली की माणूस रात्रभर दारं धरतो आणि मिळेल तेवढं पाणी सोडतो. पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नसतो. त्या पाण्याला खाली वाट मिळाली नाही की ते वर येतं, येताना जमिनीतलं मीठ घेऊन येतं. उन्हानं पाणी उडून जातं, मीठ राहतं. आधी रान चिबडतं, मग वर पांढरी साय धरते, शेवटी चोपण होतं. ऊस गुडघ्याएवढा राहून पिवळा पडतो.

आमचं मोठं रान वरच्या अंगाला. त्याखाली नानांचे तीन एकर, खोलगट. त्यांच्या पलीकडं आमचाच एक पट्टा आणि मग ओढा. आमच्या उसाचं जादा पाणी पाझरायचं ते नानांच्या रानात. ते काढायचं तर चर आमच्या पट्ट्यातूनच न्यावा लागणार.

नाना तीनदा आले. तिसऱ्यांदा उंबऱ्यातच बसले. म्हणाले, "आण्णा, दोन गुंठं जाईल तुमचं. त्याचं पैसं घ्या, पर वाट द्या."

आण्णा म्हणाले, "आज चर, उद्या म्हनशील रस्ता दे. नगं बाबा."

मी तेव्हा कॉलेजात होतो. आण्णांचं बरोबर वाटलं म्हणून गप्प बसलो असं नाही. चुकतंय हे कळत होतं. पण ते दोन गुंठं पुढं माझेच होणार होते.

नानांचं रान चारपाच वर्षांत संपलं. काकू दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाऊ लागल्या, कधीकधी आमच्याही. थोरला पोरगा कारखान्यावर रात्रपाळीचा वॉचमन झाला. नाना त्यातच गेले.

गंमत अशी की नाना आणि आण्णा एकाच सोसायटीचे आणि एकाच साखर कारखान्याचे सभासद. वार्षिक सभेला एकाच मांडवात शेजारी बसायचे, दोघांना एकेकच मत. आपल्याकडं सहकार काही फुकट आलेला नाही. मे १८७५ मध्ये इथून जवळच सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. नंतर १९०४ चा पतसंस्थांचा कायदा आला, आणि १९५० च्या सुमाराला प्रवरेला विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. गरीब माणूस एकेकटा मोडतो, म्हणून हे सगळं. पण आम्ही एकत्र आलो ते कर्जापुरतं आणि टनापुरतं. जमिनीखाली जे चाललं होतं, त्यात ज्याचं त्यानं बघायचं.

आण्णा गेल्यावर पाचसहा वर्षांनी आमच्या त्या पट्ट्यातही मीठ फुटलं. तेव्हा मी नानांच्या पोराकडं गेलो. जाताना पाय जड झाले होते. म्हटलं, "दादा, दोघं मिळून चर काढू. खर्च निम्मा निम्मा."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "निम्मा न्हाई. एकरावर वाटू. पानी जास्त कुनाचं येतंय, तुमाला ठावं हाय."

मी कबूल झालो. सच्छिद्र पाइप टाकले, पाणी ओढ्याला लावलं. धैंचा पेरून गाडला, शेणखत घातलं, पाचट जाळायचं बंद करून सरीत कुजवलं. वर आमच्या रानात ठिबक केलं, कारण ओढ्याच्या खालीही कुणाचं तरी रान आहेच. पहिली दोन वर्षं पदरात फार काही पडलं नाही. मला ते झेपलं. त्याला झेपणार नव्हतं. सोसायटीचा हप्ता रान सुधारेपर्यंत थांबत नाही. ती दोन वर्षं त्याचा हप्ता मी भरला. तो उसने म्हणतो. मी काही म्हणत नाही.

हल्ली गावोगाव सांगतात, रासायनिक खत कमी करा, पाणी मोजून द्या, माती जपा. सगळं खरं आहे. मीही एकदा नानांच्या पोराला पाचटाचं शहाणपण शिकवलं होतं. तो म्हणाला होता, "टन घटला तर घरात काय शिजवू?" दोन-तीन एकरवाल्याला मातीचं पुण्य एकट्यानं करायला सांगणं हा मला आता अन्यायच वाटतो. माती सुधारली तर फायदा शेजाऱ्याचाही होतो. मग सुधारेपर्यंतची तूट त्या एकट्याची कशी? नाशिककडं वाघाड धरणावर शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था काढून पाणी मोजून वाटून घेतलं. तसं पाणी वाटता येतं, तर तोटाही वाटता आला पाहिजे. ज्या संस्थेत फक्त नफा वाटला जातो, तिला सहकारी म्हणायला माझी जीभ अडते.

आता त्या तीन एकरात हरभरा, गहू येतो, निम्म्यात ऊसही उभा आहे. परवा काकू बांधावर भेटल्या. रानाकडं बघून म्हणाल्या, "ह्यांनी बघायला पायजे हुतं."

चराचा खर्च आम्ही एकरावर वाटला. नानांची ती वर्षं कशावर वाटायची, ते मला अजून सापडलेलं नाही.