४९ मिनिटं

तो कडा पन्हाळ्याच्या पलीकडे आहे, इतकंच सांगतो. नेमका कुठला, ते आता मी कुणालाच सांगत नाही.

मला तो दाखवला तात्यांनी. तात्या गवळी धनगर, म्हशींमागे सगळा डोंगर पायाखाली घातलेला माणूस. समोरच्या सोंडेवरून त्यांनी काठी उचलली. "त्यो पांढरा वघळ दिसतूय न्हवं? ससाण्याची शीट हाय ती. दरसाल हितंच बसतीया जोडी."

शाहीन ससाणा. सावजावर सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्या बहिरी ससाण्याचा आपल्याकडे बारमाही राहणारा भाऊबंद. डोक्यावर काळी टोपी, गालांवर काळे कल्ले, पोट विटकरी. हा काड्यांचं घरटं बांधत नाही. कड्याच्या कपारीत माती जरा उकरली की झालं. हिवाळ्यात मादी तिथं तीन-चार अंडी घालते आणि महिनाभर बसते. नर तिच्यापेक्षा लहान, शिकार आणून द्यायचं काम बहुतेक त्याचं.

तीन रविवार मी सोंडेवरच्या ऐनाखाली बसलो. फोटोत पक्षी तांदळाच्या दाण्याएवढा यायचा. चौथ्या रविवारी तात्यांना न सांगता गेलो, कड्याच्या डोक्यावरून उतरलो आणि कपारीच्या शेजारच्या टप्प्यावर पाय रोवून बसलो. मादी उठली. माझ्याभोवती घिरट्या घालत, दर फेरीला आणखी जवळ येत राहिली. मला तेच हवं होतं.

त्यातला एक फोटो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो होता. पंख पूर्ण पसरलेले, डोळ्याभोवतीचं पिवळं कडं लख्ख, छातीवरचं पीसन् पीस वेगळं. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतः कॅमेरा घडवून चित्रपट काढले, त्या गावात फोटोची पारख करणारे कमी नाहीत. भेटेल तो पाठ थोपटत होता. मोठी प्रत काढून बैठकीच्या खोलीत लावली आणि एक तात्यांसाठी नेली.

तात्यांनी हात धोतराला पुसले, फोटो उन्हाकडे धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

"लई झ्याक आलाय," म्हणाले. मग जरा थांबून, "तोंड का उघडलंय रं तिनं?"

"ओरडत होती."

"कुणावर?"

मी काही बोललो नाही.

"आन् तवर अंड्यांवर कोण बसलं हुतं?"

रात्री घरी येऊन सगळे फोटो पुन्हा उघडले. एकूण २१४. प्रत्येकाखाली वेळ असतेच, पण ती कोण बघतो? पहिला ११ वाजून ४२ मिनिटांचा, शेवटचा १२ वाजून ३१ मिनिटांचा. मधल्या ४९ मिनिटांत मादी कपारीवर टेकलेली एकाही फोटोत नव्हती. प्रत्येक फोटोत चोच उघडी होती. जानेवारी असली तरी आपल्याकडचा कातळ भर दुपारी तापतो. अंड्यांना रात्री ऊब लागते, तशी दुपारी आईची सावलीही लागते. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. कड्यावर मात्र आठवलं नाही.

पुढच्या रविवारी ऐनाखालून दुर्बीण लावली. कपार रिकामी होती. "दोन दिस कावळं फिरत हुतं," एवढंच तात्या म्हणाले. माझ्यामुळेच झालं हे मला कुणापुढे सिद्ध करता येणार नाही, पण दुसरं कारण शोधायला मन धजत नाही.

मी स्वतःला नेहमी शिकाऱ्याच्या विरुद्ध बाजूचा समजत आलो. संस्थानच्या काळात कोल्हापूरच्या शिकारी चित्त्यांची ख्याती होती, दाजीपूरचं जंगल राजघराण्याचं शिकारीचं रान होतं, आणि तिथं १९५८ साली अभयारण्य झालं याचा मला अभिमान वाटायचा. मग एका संध्याकाळी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा काढून शिकारीची व्याख्या वाचली. मारणं, पकडणं, सापळा लावणं हे त्यात आहेच. शेवटी लिहिलंय की पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणं हीसुद्धा शिकारच. त्या ओळीवर बोट ठेवून मी कितीतरी वेळ बसून होतो.

भिंतीवरचा फोटो उतरवला. जागा विचारणारे फोन अजून येतात. सांगत नाही म्हटलं की काहीजण रागावतात. रागावू देत.

पुढच्या हिवाळ्यात जोडी परत आली. आपली माणसं परत येतात तेव्हा होतो तसा आनंद मला झाला. तात्या आणि मी ऐनाखाली भाकरी सोडून बसलो होतो. दहाच्या सुमारास नर पायात काहीतरी धरून दरीवरून आला आणि त्यानं हाक दिली. मादी कपारीतून सुटली, त्याच्या खाली जाऊन क्षणभर उताणी झाली आणि हवेतल्या हवेत ते सावज तिनं आपल्या पायांत घेतलं. तात्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

"काढ की फोटू," ते कुजबुजले.

"इथनं दाण्याएवढा येईल."

"येऊ दे."

मादी घास संपवून पुन्हा अंड्यांवर बसली, तेव्हा एकच काढला. घरी येऊन तो दाणा पडद्यावर मोठा मोठा करत नेला. कडा धूसर झाल्या, रंग फुटले. चोच मिटलेली होती.