दाराजवळचा बाक



आजच्या शुभवर्तमानातील स्त्री बारा वर्षे रक्तस्रावाने आजारी होती. वैद्यांपायी होते नव्हते ते तिने घालवले होते. तरी येशूकडे ती येते ती पाठीमागून, गर्दीत लपून. तिचा आजार चारचौघांत नाव घेण्यासारखा नव्हता.

आपल्या धर्मग्रामातील एक काका काही रविवार शेवटच्या बाकावर बसत आणि प्रवचन सुरू झाले की उठून बाहेर जात. (त्यांना विचारूनच हे लिहीत आहे.) एकदा मी वेदीवरून बोलून गेलो की काहींना देवाच्या शब्दासाठी दहा मिनिटेही बसवत नाही. पुढच्या रविवारी काका आले नाहीत. घरी गेलो तेव्हा काकी रडल्या. काकांना मूत्राशयाचा कॅन्सर आहे. लघवीतून रक्त जात होते, ते त्यांनी लाजेपोटी चार महिने कोणालाही सांगितले नव्हते. मी त्यांची क्षमा मागितली.

दुर्बिणीतून गाठ काढल्यावर आता त्यांना बीसीजीचे डोस चालू आहेत. होय, आपल्या दंडावर व्रण ठेवून गेलेली क्षयरोगाची लसच! फ्रान्समधील काल्मेत आणि गेराँ या दोघांनी तेरा वर्षे खपून ती तयार केली. १९२१ साली पॅरिसमध्ये ती प्रथम एका तान्ह्या बाळाला दिली गेली. १९७६ साली कॅनडातील डॉ. अल्वारो मोरालेस यांनी मूत्राशयाच्या कॅन्सरवर तिचा उपयोग होतो असे दाखवून दिले. कॅन्सर स्नायूपर्यंत पोहोचला नसेल तेव्हा ही लस नळीने थेट मूत्राशयात सोडतात. तिच्यातील दुबळे पण जिवंत जंतू शरीराच्याच रक्षक पेशींना जागे करतात. आठवड्याला एक, असे सहा डोस. पुढे तपासण्या आणि गरजेप्रमाणे आणखी डोस, कधी कधी तीन वर्षांपर्यंत.

दोन तास लघवी रोखून धरायची. मग जळजळ, वारंवार जाणे, अंगात कणकण. हे बहुधा एकदोन दिवसांत ओसरते. पण ताप जास्त असेल किंवा उतरत नसेल तर नोव्हेना संपण्याची वाट न पाहता डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. डोसनंतर सहा तास बसूनच लघवी करायची आणि संडासात ब्लीच टाकून पंधरा मिनिटांनी पाणी सोडायचे. एवढी काळजी घेतली की पुरे. काकांच्या शेजारी बसल्याने, त्यांच्या घरी चहा प्यायल्याने कोणाला काही होत नाही. हे लिहावे लागते, कारण दोन शेजारणींनी जाणे बंद केले आहे.

सेमिनरीत शरीर आणि आत्मा यांच्या एकत्वावर संत थॉमस अक्विनास यांची पाने मी घोकली होती. माणूस म्हणजे शरीरात कोंडलेला आत्मा नव्हे, हे परीक्षेत लिहून गुणही मिळवले. काकांच्या ओसरीवर ते पहिल्यांदा समजले. मूत्राशय दुखते तेव्हा प्रार्थनाही दुखते. काका म्हणाले, "फादर, रोझरीची पाच रहस्ये एका दमात होत नाहीत. मध्ये उठावे लागते." मी म्हटले, उठा आणि परत येऊन तिथूनच पुढे म्हणा. पवित्र मरियेला घाई नाही.

त्या स्त्रीचा रक्तस्राव वस्त्राला स्पर्श करताच थांबला होता. मग येशूने तिला का थांबवले? गुपचूप घरी गेली असती तर रोग बरा होऊन लपणे मात्र तसेच राहिले असते. तिने सगळे खरे सांगितले आणि बारा वर्षांनी तिला सर्वांदेखत कोणीतरी मुलगी म्हणून हाक मारली.

दाराजवळचे डावीकडचे दोन बाक आजपासून आजारी माणसांसाठी मोकळे ठेवावेत. सॅक्रिस्टीमागील शौचालयाचे कुलूप मिस्सेच्या वेळी उघडे राहील. हे काम माझ्याकडून आधीच व्हायला हवे होते. मंगळवारी काकांचा चौथा डोस आहे. दवाखान्यात सोबत जायला एक माणूस हवा आहे. ज्याला जमेल त्याने मिस्सेनंतर मला भेटावे.

आपला,
फादर