एकाच घागरीतलं पाणी

आजचं वाचन: योहान ४:५-३०, लूक १७:११-१९



ऑफिसमध्ये, हॉस्टेलवर, कधी घरच्या जेवणाच्या टेबलावरसुद्धा आपल्याला एक प्रश्न विचारला जातो. "तुम्ही ख्रिस्ती लोक मदत करता ते ठीक आहे, पण त्यामागे हेतू काय?" हा प्रश्न मलाही अनेकदा आलाय. ऐकून राग येतो, पण राग गिळून मी तो प्रभूसमोर ठेवते. कारण प्रश्न खराच आहे. माझ्या चांगुलपणाच्या आत गळ तर लपलेला नाही ना?

आजच्या वाचनात प्रभू येशू प्रवासाने थकून याकोबाच्या विहिरीजवळ बसलाय. दुपारची वेळ, शिष्य गावात अन्न आणायला गेलेत. तेवढ्यात एक शोमरोनी स्त्री पाणी भरायला येते. आता बघा, प्रभू संभाषण कुठून सुरू करतो. तो उपदेश करत नाही, चमत्कारही दाखवत नाही. तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो!

ती चकितच होते. यहूदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, आणि इथे तर पाणी काढायला प्रभूकडे भांडंसुद्धा नाही. म्हणजे पाणी प्यायचं तर तिच्याच भांड्यातून. मित्रांनो, मला वाटतं, प्रभूची पहिली दया हीच होती. तिला काही देण्याआधी त्याने तिच्याकडून घेण्याची तयारी दाखवली. घेणाऱ्याचा हात खाली असतो ना? प्रभूने आपला हात खाली धरला.

भांड्याचं हे प्रकरण आपल्या पुण्याला चांगलं माहीत आहे. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींना चहा दिला गेला. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. मिशनमधल्या त्या एका कप चहावरून केवढं वादळ उठलं! बहिष्कार, प्रायश्चित्त, सगळं झालं. वाचताना आपल्याला हसू येतं. पण जरा आपल्या स्वयंपाकघरातल्या मांडणीकडे बघू या. कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा आहे का? कोपऱ्यात उपडा ठेवलेला, कडा उडालेला? चहा आपण प्रेमाने देतो हो, पण तो कप तिला रोज काय सांगतो?

आता त्या गळाच्या प्रश्नाकडे येऊ.

पंचहौदचा चहा गाजला त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी आपलं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आणलं. रमाबाईंनी भूक स्वतः सोसली होती. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि मोठी बहीण गेली. पुढे १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे फुलहॅममध्ये ख्रिस्ती भगिनींचं एक घर होतं. समाजाने ज्यांना 'पतित' म्हणून टाकलं होतं, अशा स्त्रियांची तिथे मायेने काळजी घेतली जायची. हे लोक असं का वागतात, हे रमाबाईंना कळेना. त्यांनी विचारलं, तेव्हा उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली हीच विहिरीजवळची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. रमाबाईंनी आपल्या साक्षीत हे लिहून ठेवलंय. आधी त्यांनी दया पाहिली, मग वचन ऐकलं. क्रम लक्षात घ्या.

पुण्यात मात्र रमाबाईंनाही तोच प्रश्न विचारला गेला: हेतू काय? सदनातल्या काही मुली त्यांच्या प्रार्थनेला येऊन बसू लागल्या. त्यावरून १८९३ मध्ये मोठा वाद झाला. सल्लागार मंडळातले मोठे लोक बाजूला झाले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. कोण बरोबर, कोण चूक, यावर लोक आजही भांडतात. मला त्यात न्यायाधीश व्हायचं नाही. मला बोलायचंय ते गोदूबाईंबद्दल.

गोदूबाई जोशी बालविधवा होत्या, शारदा सदनातल्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक. तिथेच शिकल्या. ख्रिस्ती झाल्या नाहीत. त्याच १८९३ साली त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई झाल्या. १८९६ मध्ये अण्णासाहेबांनी विधवांसाठी आश्रम काढला. आनंदीबाईंनी त्या कामासाठी दारोदार वर्गणी गोळा केली. आज आपण कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकून वैतागतो ना, त्या रस्त्याच्या नावामागे ही गोष्टसुद्धा आहे.

मग सांगा, गोदूबाईंना शिकवलं ते वाया गेलं का?

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले, आभार मानायला एकच परत आला. तोही शोमरोनी. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं प्रभूने विचारलं. त्याला वाईट वाटलं असेल. पण त्या नऊ जणांचं शुद्ध होणं त्याने परत घेतलं नाही! ते आपल्या घरी गेले, मुलाबाळांना भेटले, निरोगी जगले. प्रभूची दया परत येणाऱ्याची वाट बघते, पण परत येण्याची अट घालत नाही. गळ आणि दया यांतला फरक हाच. मासा लागला नाही की गळ ओढून घेतला जातो. दया दिलेली असते, ती दिलेलीच राहते.

याचा अर्थ आपण आपला विश्वास लपवायचा असा नाही. रमाबाईंनी तो कधी लपवला नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली-बायका आणल्या, केडगावच्या शेतावर त्यांना आसरा दिला, आणि ख्रिस्ताचं नाव उघडपणे घेतलं. कोणी विचारलं तर आपणही सांगू या, मोकळेपणाने सांगू या. पण कोणी विचारलं नाही, ऐकलं नाही, तरी पाणी तेवढंच गार असू दे.

आज एवढं करून बघा:

• घरातला वेगळा कप काढून टाका. मावशींना आपल्याच कपात चहा द्या, आणि दोन मिनिटं सोबत बसून प्या.
• सोसायटीच्या वॉचमन काकांचं नाव विचारा. त्यांनी डब्यातली भाकरी पुढे केली तर "नको नको" म्हणू नका, एक तुकडा घ्या.
• जो मित्र तुमच्या विश्वासाची चेष्टा करतो, त्याला या आठवड्यात एक मदत करा, आणि त्यावर एक शब्दही बोलू नका.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू तहानलेला होऊन आमच्या दारी आलास, आमच्या भांड्यातून प्यायला तयार झालास. आमच्या दयेतला हिशेब काढून टाक. जे परत येतील त्यांच्यासाठी आनंद दे, जे येणार नाहीत त्यांच्यासाठीही तेवढंच प्रेम दे. तुझ्याच नावाने मागते. आमेन.