रंधा घडवताना

मिरचीच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या धर्माबादला सागवान दूरचं नाही. नांदेड जिल्ह्यातच किनवटची जंगलं आहेत. लाकूड मिळेल, पण सुताराची खरी परीक्षा रंधा घडवताना होते.

बाभळीसारख्या टणक लाकडाचा, पुरता वाळलेला ठोकळा घ्यायचा. पटाशीनं त्यात सुमारे ४५ अंशांची तिरकी खाच पाडायची, पोलादी पातं बसवायचं, पाचर ठोकायची. पातं नीट टेकलं नाही तर ते थरथरतं, लाकूड ओरबाडतं. किती संयमाचं काम हे! आणि जुनंही: इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेई या रोमन शहरातही पाचरीचेच रंधे होते.

पात्याच्या डोक्यावर हलका ठोका दिला की ते खाली सरकतं. ठोकळ्याच्या मागच्या टोकावर दिला की वर येतं.

गावात जुने सुतारकाका असतील, तर हे ठोके त्यांच्याकडून शिकून घ्या.