भोकं पाडलीस, पण जमीन पाहिलीस का?

तुझा सॉइल रिपोर्ट वाचला. जोडपत्रांसकट सगळा वाचला, आणि सही न करता परत पाठवतो आहे. "सर, एकदा नजर टाका आणि सही करा, बिल्डरला लगेच द्यायचाय," असं तू सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंस. नुसती नजर टाकून सही करणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे जायचं होतंस. माझ्याकडे आलास, आता ऐकून घे.

आधी बोअर लॉग. दीड मीटरवर एन व्हॅल्यू १८, तीन मीटरवर १९, साडेचारवर पुन्हा १८. दुसऱ्या होलमध्ये १९, १८, १९. तिसऱ्यातही १८-१९ च. पुण्याच्या आसपास काळी माती, पिवळी माती, मुरूम, मांजऱ्या खडक चार पावलांवर बदलतात, आणि तुझ्या अडीच एकरांत जमीन एका साच्यातून काढल्यासारखी सारखी? ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडायचा, पहिल्या १५ सेंटिमीटरचे ठोके धरायचे नाहीत, पुढच्या ३० चे मोजायचे, तोच एन. काम साधं आहे, पण मोजायला शेजारी माणूस उभा राहावा लागतो. विंचवर दोरीचे वेढे जास्त झाले की हातोडा पूर्ण जोराने पडत नाही, ठोके वाढतात, आणि मऊ माती कागदावर घट्ट दिसते. हे तुला वर्गात दाखवलं होतं. त्या दिवशी साइटवर दोरीकडे कोण बघत होतं?

कोणीच नाही. तुझ्याच जोडपत्रावरून सांगतो. 'फील्ड लॉग' म्हणून लावलेली सगळी पानं एकाच पेनने, एकाच बैठकीत लिहिलेली, एकावरही चिखलाचा डाग नाही. फक्त एक पान वेगळं आहे. ते चुकून स्कॅन झालं असावं. कोपरा फाटलेला, पाण्याने शाई पसरलेली, ड्रिलरच्या हाताचं. होल क्रमांक तीन, साडेचार मीटर, ठोके ७. समासात त्याने लिहिलंय: 'भराव, काळा चिखल, वास येतो.' त्याच होलच्या, त्याच खोलीच्या तुझ्या टाईप केलेल्या पानावर एन १८ आहे आणि शेरा आहे 'घट्ट पिवळसर मुरूम'. वासाचा उल्लेखच नाही. सबंध रिपोर्टमध्ये जमिनीशी इमान राखणारी ओळ एकच, ती त्या ड्रिलरने लिहिली, आणि ती तू खोडलीस. याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. निष्काळजी माणसाच्या हातून आकडे राहून जातात. तू ते बदललेस.

कोअर बॉक्सचे फोटो बघ. जिथे कोअर हाती लागत नाही, तिथे तेवढ्या लांबीचा लाकडी ठोकळा ठेवायचा आणि त्यावर खोली लिहायची, हा नियम आहे. तुझ्या बॉक्समध्ये एकही ठोकळा नाही. तुकडे सरकवून एकमेकांना भिडवलेत आणि रिकव्हरी ९५ टक्के लावलीस. दुसऱ्या बॉक्सच्या तिसऱ्या ओळीतल्या तुकड्याचं टोक मोठं करून पाहा. त्याला विटकरी रंग लागलाय. साधारण साडेआठ मीटर खोलीचा तुकडा आहे तो, आणि लॉगमध्ये तिथे लिहिलंस 'कॉम्पॅक्ट बेसॉल्ट'. हा रंग कुठून आला, असा प्रश्नही तुला पडला नाही? सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले. दोन थरांच्या मधल्या काळात वरचा पृष्ठभाग झिजला, भाजला, आणि त्याची लाल चिकणमाती झाली. विहीर खणणारे तिला गेरू म्हणतात. पाणी लागलं की ती विरघळते, आणि ड्रिलिंगचं पाणी तिला धुऊन नेतं. म्हणून गेरू कोअर बॉक्समध्ये क्वचित दिसतो. दिसते ती रिकामी जागा. ती रिकामी जागाच तू मिटवलीस. बिल्डरचे दोन बेसमेंट आहेत, राफ्टचा, म्हणजे सलग पायाचा, तळ आठ मीटरवर येतो. चाळीस कुटुंबांचा भार जिथे टेकणार, त्याच्या हातभर खाली हा थर आहे.

आता तू म्हणशील, प्लेट लोड टेस्टही केली होती, ती चांगली आली. मग हे आठव. कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोनाला रेल्वे कंपनीने धान्याचं प्रचंड कोठार बांधलं होतं. पायाच्या पातळीवर भार देऊन चाचण्या घेतल्या होत्या, त्या उत्तम आल्या. १९१३ च्या ऑक्टोबरमध्ये धान्य भरत असताना कोठार खचायला लागलं, आणि एका दिवसात ते अखंडच्या अखंड सुमारे २७ अंशांनी कललं. भिंती फुटल्या नाहीत, बांधकामात खोट नव्हती. वरची चिकणमाती घट्ट होती, खालची मऊ, आणि खालपर्यंत कोणी गेलंच नव्हतं. छोट्या प्लेटचा दाब तिच्या रुंदीच्या दीडदोन पट खोलीपर्यंत पोचतो. कोठाराचा पाया तेवीस-चोवीस मीटर रुंद होता. प्लेटने वरची हातभर माती तपासली, कोठाराने खालची सगळी. पुढे पन्नासच्या दशकात पेक आणि ब्रायंट यांनी तिथे बोअरहोल घेऊन मातीची ताकद मोजली, तेव्हा हिशेब लागला. हा धडा मी दरवर्षी शिकवतो. तुझ्या उत्तरपत्रिकेत तो छान लिहिलेला होता, म्हणून मला जास्त राग येतोय.

पाण्याबद्दल तू एकच शब्द लिहिलास: 'निरंक'. काम जुलैमधलं आहे. होल संपल्यावर चोवीस तास थांबून पातळी मोजायची असते, तू रिग उचलून पुढे गेलास. दोन बेसमेंट, वर अजून मजले चढलेले नाहीत आणि बाजूने पाणी वर आलं, तर ते पाणी राफ्टला खालून उचलतं. हे डिझायनरला कोण सांगणार? तो तुझा कागद बघूनच हिशेब करणार आहे.

आणि तो वास. अरे, त्या जागेवर आधी काय होतं, हे तू कोणाला विचारलंस? सात-बारा, जुना गाव नकाशा, जुनी उपग्रह चित्रं, शेजारचा वयस्क वॉचमन, यातलं काही नाही. मी गाव नकाशा मागवून पाहिला. प्लॉटच्या कोपऱ्यातून ओढा गेलाय, आज तो जागेवर दिसत नाही. म्हणजे तो बुजवलाय, आणि तुझं तीन नंबरचं होल नेमकं त्या भरावात आहे. आंबिल ओढ्याच्या पुराने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात काय केलं, ते तुझ्या डोळ्यांसमोर घडलंय. शिवाय त्या पट्ट्यात पूर्वी प्लेटिंगची वर्कशॉप होती. प्लेटिंग म्हणजे क्रोमियम, आणि धातूवरचं ग्रीस काढायला वापरलेली सॉल्व्हंट. ड्रिलरला वास आला तो याचा असू शकतो, नसूही शकतो. ते तपासणं तुझं काम होतं.

अशा जमिनीवर बांधलं की काय होतं ते ऐक. अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाचा अर्धवट खणलेला कालवा होता. १९४२ ते १९५३ या काळात एका रासायनिक कंपनीने त्यात सुमारे २१ हजार टन घातक कचरा पुरला, वर माती टाकली, आणि ती जागा एका डॉलरला शाळा मंडळाला दिली. तिथे शाळा झाली, आजूबाजूला घरं झाली. सत्तरच्या दशकात पाऊस आणि बर्फ जास्त झाला, भूजल वर आलं आणि ती रसायनं लोकांच्या तळघरांत झिरपली. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. आपल्याकडेही २०२५ साली केंद्राने प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे वेगळे नियम काढले आहेत. पण नियम नसते तरी तुझ्या बिल्डरच्या बेसमेंटमध्ये पोरं सायकल चालवणारच होती.

"बिल्डरला एसबीसी २५ टन हवी होती," म्हणजे जमिनीची सुरक्षित भारक्षमता, हे तू फोनवर म्हणालास. हवी होती म्हणजे काय? जमिनीची क्षमता मागणीप्रमाणे वाढते का? बिल्डर मंडळींनाही सांगतो, कारण हा कागद त्यांच्यापर्यंत जाणार आहे. तुम्ही सॉइल रिपोर्ट मंजुरीच्या फाइलला लावायचा दाखला म्हणून विकत घेता. सगळ्यात कमी दर देणाऱ्याला मीटरच्या भावाने काम देता, मग तो होल लवकर संपवतो आणि मोठा धोंडा लागला की 'हार्ड रॉक' लिहून मोकळा होतो. मुरमात असे न झिजलेले धोंडे गाडलेले असतात. खडकात निदान तीन मीटर शिरल्याशिवाय तो धोंडा की तळ, हे कळत नाही. एक एकराच्या आटोपशीर इमारतीला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक अशी पाच होल, असं आयएस १८९२ च्या १९७९ च्या आवृत्तीत लिहिलंय. तुम्ही अडीच एकराला तीन मागितली आणि या मुलाने ती मुकाट्याने दिली. राफ्ट खचली की पाइलिंगला पैसे सापडतात, आणि दोन जादा होलांना नसतात?

रिग परत बोलाव. खर्च तुझा. ओढ्याच्या कडेने नवी होल घे, आणि दोन बेसमेंटच्या तळाखाली खडकात पुरेसं खोल जा. गेरूच्या पातळीला पाणी कमी कर, डबल ट्यूब बॅरल लाव, आणि कोअर आला नाही तर ठोकळा ठेव. भरावात पाणी न वापरता ड्रिल कर, नाहीतर सॉल्व्हंट धुऊन जाईल; नमुने प्लास्टिकच्या पिशवीत भरू नकोस, काचेच्या बाटलीत काठोकाठ भर, बर्फाच्या पेटीत ठेव आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचव. पाण्याची पातळी मोजून झाली की होल बेंटोनाइटने बुजव, म्हणजे वरची घाण खालच्या पाण्यात उतरणार नाही. तो ड्रिलर जो कोणी आहे, त्याला पुन्हा आण, त्याचं नाव लॉगवर लिही आणि त्याचं प्रत्येक पान जसंच्या तसं जोड. पहिल्या होलचं काम संपलं की तोंड झाकून ठेव. दुसऱ्या सकाळी रिग सुरू व्हायच्या आधी, आणि पुन्हा चोवीस तास भरल्यावर, पाण्याची पातळी तू स्वतः मोज, आणि तिथेच उभा राहून, वेळ टाकून, लिही.