पहाटे तीनची जाग

मार्च सरत आला की पोंभुर्णा तालुक्यातली जंगलालगतची गावं अंधारातच उठतात. मोहाची फुलं रात्री उशिरा गळायला लागतात ती उजाडेपर्यंत. फिकट पिवळसर, मांसल, हातात घेतली की चिकट लागणारी. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून ठेवलेला असतो. वाकून एकेक फूल वेचायचं, टोपली भरायची आणि ऊन चढायच्या आत अंगणात वाळत घालायचं. उशीर झाला तर गुरं, हरणं, अस्वलं आधी पोचतात. फार लवकर गेलं तर वाघाची भीती; वाकलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही, असं इथे सांगतात. म्हणून वनविभाग अंधारात जाऊ नका, एकटं जाऊ नका असं बजावतो. मोह वेचणाऱ्या बायकांना पहाटे तीनला जाग येते, पण त्याला कुणी आजार म्हणत नाही.

अशाच एका घरातल्या म्हाताऱ्यालाही तीनला जाग येते. त्याला कुठे जायचं नसतं. आणि ज्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे तो कर्ता मुलगाही तीनलाच कूस बदलत असतो. वेळ एक, जाग तीन तऱ्हेची. चिनी वैद्यकाने या जाग येण्याचा विचार कसा केला, हे पाहताना हे घर माझ्या डोळ्यांपुढे येतं.

आजकाल मोबाइलवर एक गोल तक्ता फिरतो. रात्री एक ते तीन यकृताची वेळ, तीन ते पाच फुप्फुसाची. एकला जाग आली तर राग साठलाय, तीनला आली तर दुःख. चिनी वैद्यक म्हणजे एवढंच, अशी अनेकांची समजूत झाली आहे. मूळ विचार मात्र घड्याळापासून सुरू झालेला नाही.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथाच्या ‘लिंगशू’ भागात सम्राट आपल्या वैद्याला विचारतो, म्हाताऱ्यांना रात्री झोप का लागत नाही? उत्तर असं: शरीराचं रक्षण करणारी ‘वेइ छी’ दिवसा बाहेरच्या अंगाने फिरते, रात्री आत शिरते. आत गेली की झोप, बाहेर आली की जाग. वय झालं की रक्त आणि बळ घटतं, स्नायू सुकतात, वाटा खडबडीत होतात. मग दिवसा तरतरी नाही आणि रात्री गाढ झोप नाही. इथे किती वाजता जाग आली याला महत्त्वच नाही. कोणाला आली आणि त्याचा दिवस कसा गेला, एवढंच पाहिलं आहे.

चीनमधल्या पूर्व हान राजवटीच्या अखेरीस झांग झोंगजिंग या वैद्याने हा विचार औषधापर्यंत नेला. थकून खंगलेला, मनात तळमळ असलेला, झोप न येणारा रोगी त्याने वेगळा ओळखला आणि त्याला एक काढा दिला. त्यातलं मुख्य द्रव्य एका काटेरी झाडाचं बी. हे झाड आपल्या बोरीचं भावंडच म्हणावं असं. पोंभुर्ण्याच्या बांधाबांधावर बोरी आहेत. पोरं बोर खाऊन बी थुंकतात, तिकडे बियांचं औषध झालं.

घड्याळ आलं ते पुढे, बाराव्या शतकाच्या सुमारास. सुया टोचण्याची योग्य वेळ ठरवताना दिवसाच्या बारा भागांना बारा नाड्या जोडल्या गेल्या. पहाटेचा तीन ते पाचचा भाग फुप्फुसाला मिळाला, कारण शरीरातला फेरा फुप्फुसापासून सुरू होतो असं आधीच मानलेलं होतं. म्हणजे ती सुरुवातीची वेळ होती. फुप्फुसाशी दुःखाचा संबंध जुन्या ग्रंथांत वेगळा सांगितलेला आहे; दोन्ही एकत्र शिवून ‘तीनची जाग म्हणजे दुःख’ हे सूत्र तयार झालं.

त्या सूत्राची एक साधी परीक्षा घेता येते. सगळ्या चीनमध्ये अधिकृत घड्याळ एकच, बीजिंगचं. पश्चिमेकडच्या उरुमचीत सूर्य त्या घड्याळाच्या दोन तासांहून अधिक मागे असतो. म्हणजे तिथे भिंतीवर तीन वाजतात तेव्हा सूर्याच्या हिशेबाने फुप्फुसाची वेळ आलेलीच नसते. आपल्याकडेही पोंभुर्णा भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून जवळजवळ तीन अंश पश्चिमेला आहे. फरक बारा मिनिटांचा. जुन्या वैद्याने आकाश पाहिलं असतं. आपण मोबाइल पाहतो.

आपल्याकडच्या विचाराचीही अशीच काटछाट झाली. आयुर्वेदातल्या वाग्भटाने ब्राह्ममुहूर्तावर उठायला सांगितलं ते निरोगी माणसाला. सूर्योदयाच्या सुमारे दीड तास आधी सुरू होणारा तो काळ. मार्चअखेर आमच्याकडे साडेचारच्या पुढे येतो, तीनला नाही. त्याच वाग्भटाने रात्रीच्या शेवटी आणि आयुष्याच्या शेवटी वात वाढतो असंही म्हटलं आहे. लक्षात राहिलं ते फक्त ‘लवकर उठा’. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाने या भागात पहाटेच्या सामुदायिक ध्यानाची सवय रुजवली, त्याआधी जात्यावर बसणाऱ्या बायका रात्र सरायच्या आत दळण काढत. गिरणी आली आणि ती वेळ मोकळी झाली. आता त्या वेळी जाग आली की भीती वाटते.

पाश्चात्त्य वैद्यकही फिरून तिथेच आलं. मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० मध्ये नैराश्य मोजायची पट्टी केली, तिच्यात फार लवकर जाग येणं हा स्वतंत्र मुद्दा ठेवला. २०१७ चं नोबेल शरीरातल्या जैविक घड्याळाच्या यंत्रणेला मिळालं. वय वाढलं की हे घड्याळ पुढे सरकतं, लवकर झोप आणि लवकर जाग, हे आता सर्वमान्य आहे. पण नैराश्याची पट्टीसुद्धा एकट्या जाग येण्यावरून निकाल देत नाही. मन, भूक, कामातला रस, सगळं विचारते. जुना चिनी वैद्यही तेच विचारत होता.

म्हणून माझं मत सरळ आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा प्रश्न आजच्या तक्त्यापेक्षा शहाणा होता. मोह वेचणारी बाई दुपारी फुलं वाळत असताना सावलीत डोळा लावते. तिची झोप भरून निघते. म्हातारा संध्याकाळी लवकर आडवा होतो, त्याचाही हिशेब जुळतो. तिसऱ्याचा, कर्ज असलेल्या मुलाचा, जुळत नाही. तो दिवसभर चिडलेला, जेवणावर मन नाही, कुणाशी बोलत नाही. आपल्या घरात असं कुणी रोज तीनला जागं होत असेल, तर त्याला किती वाजले ते विचारू नका. दुपारी कसं वाटतं ते विचारा, आणि उत्तर काळजीचं वाटलं तर त्याला डॉक्टरकडे घेऊन जा.