सावलीतला चेहरा

भाईंदर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एका गल्लीत बापलेकीचा फोटो स्टुडिओ होता. बाप मूळचा राई गावचा. त्याचं लहानपण मिठागरांच्या बांधावर गेलं, तरुणपणी गिरगावातल्या एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये त्याने उमेदवारी केली आणि मग गावाजवळच दुकान थाटलं. पुढे भातखाचरांच्या जागी इमारती उठल्या, 2002 मध्ये मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली, रीळ गेलं आणि डिजिटल आलं. दुकानाचा कारभार आता लेकीकडे होता. पासपोर्ट फोटो, बारशी, लग्नं, शाळेची ओळखपत्रं, सगळं काम सहा शाईटाक्यांच्या एका मोठ्या प्रिंटरवर निघायचं आणि गिऱ्हाईक समाधानाने जायचं.

एके दिवशी उत्तनहून एक कोळीण मावशी आली. तिच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला, तळहाताएवढा कृष्णधवल फोटो होता. तिचे सासरे होडीला टेकून उभे होते, मागे वलांडीवर बोंबील सुकत होते आणि वर लख्ख आकाश होतं. डोक्यावरच्या टोपीची सावली चेहऱ्यावर पडली होती, तरी त्या सावलीतूनही डोळे आणि गालांवरच्या सुरकुत्या दिसत होत्या.

“बाय, चार भावांची चार घरं झाली, फोटो मात्र एकच राहिला,” मावशी म्हणाली. “मोठे करून दे. प्रत्येकाच्या भिंतीवर एक लागला पाहिजे.”

लेकीने फोटो स्कॅन केला, डाग काढले आणि बारा बाय अठराची पहिली प्रिंट काढली. दुकानातल्या ट्यूबखाली ती हिरवट दिसली. दाराशी उन्हात नेली तर तीच प्रिंट गुलाबी झाक मारू लागली. मावशीने मात्र वेगळंच पाहिलं. ती बराच वेळ प्रिंट निरखत राहिली आणि म्हणाली, “होडी आली, आकाश आलं, बोंबील तर मोजून घ्यावेत असे आलेत. पण बाय, बाबांचा चेहरा कुठं गेला?”

खरंच, टोपीखाली नुसता काळा डाग होता.

लेकीला लाज वाटली. मावशीला आठवड्याभराची मुदत मागून तिने रात्री बापापुढे विषय काढला. “बाबा, हा प्रिंटर रंगीत कामाचा आहे. कृष्णधवलसाठी वेगळा लागतो. त्यात काळ्याबरोबर करड्या शाया असतात, त्याही पिगमेंटच्या. हप्त्यावर मिळतो. घेऊन टाकू या.”

तिचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. त्यांच्या प्रिंटरमध्ये काळी, निळसर, किरमिजी, पिवळी आणि फिकट निळसर, फिकट किरमिजी अशा सहा शाया होत्या. करडी शाई नव्हती. त्यामुळे फिकट करडा रंग उमटवायचा तर प्रिंटर बाकीच्या रंगांचं मिश्रण करतो. मिश्रणात एक रंग केसभर जरी वरचढ झाला तरी करड्यावर झाक येते. लाल साडीवर तेवढा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही, करड्यावर तो लगेच डोळ्यांत भरतो. शिवाय दिवा बदलला की मिश्रणातला प्रत्येक रंग वेगळा वागतो, म्हणून ट्यूबखालचा हिरवा उन्हात गुलाबी होतो. हीच अडचण ओळखून एप्सनने 2005 मध्ये काळ्याच्या तीन पातळ्या असलेल्या शाया बाजारात आणल्या आणि घरच्या प्रिंटरवरही गंभीर कृष्णधवल काम सोपं झालं.

बापाने सगळं ऐकून घेतलं. नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. फक्त म्हणाला, “उद्या फोर्टात जा आणि यंत्र बघून ये. विकणारा तुला त्याचा चांगला फोटो दाखवील. तू त्याला तुझा बिघडलेला फोटो दे.”

दुसऱ्या दिवशी लेक चर्चगेट लोकल पकडून फोर्टातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत पोचली. विक्रेत्याने दाखवलेला नमुना पाहून ती हरखली. एका म्हाताऱ्याचा चेहरा, दाढीचा केस न् केस वेगळा. तिने मन आवरून खिशातला पेनड्राइव्ह काढला आणि आपलीच फाईल छापून मागितली. विक्रेता भला होता, त्याने आढेवेढे घेतले नाहीत.

प्रिंट बाहेर आली. ट्यूबखाली करडी आणि रस्त्यावरच्या उन्हातही करडीच. हिरवी झाक नाही, गुलाबी झाक नाही. आणि टोपीखाली पुन्हा तोच काळा डाग. महागड्या यंत्राने तिच्या फाईलमध्ये होतं ते इमानदारीने कागदावर उतरवलं होतं.

संध्याकाळी दोन्ही प्रिंट बापापुढे ठेवल्या तेव्हा तो म्हणाला, “आता निम्मं उत्तर तुझ्या हातात आलं. झाक प्रिंटरची होती. चेहरा मात्र आपण हरवलाय.”

मग त्याने तिला जुन्या कामाची गोष्ट सांगितली. “कागदावरचे सुरुवातीचे फोटो मिठावर निघाले, माहीत आहे? इंग्लंडात टॅलबॉट नावाच्या माणसाने 1830 नंतरच्या वर्षांत कागद साध्या मिठाच्या पाण्यात भिजवला, वाळवला आणि त्यावर सिल्व्हर नायट्रेट फिरवलं. मीठ आणि चांदी मिळून उजेड पडला की काळवंडणारा थर तयार झाला. आपल्या आगरात पिकतं तेच मीठ. तेव्हापासून डार्करूमपर्यंत कृष्णधवल फोटोतला काळा म्हणजे कागदावरची बारीक चांदी. मीही उटीच्या कारखान्यातल्या ‘इंदू’ कागदावर काम केलं. पण चांदी होती म्हणून चेहरा आपोआप येत नव्हता. आधी कागदाची एक पट्टी घ्यायची, एन्लार्जरखाली तिच्या तुकड्यातुकड्याला थोडा थोडा जास्त उजेड द्यायचा, डेव्हलपरमध्ये टाकायची आणि चेहरा कुठल्या तुकड्यात उघडतो ते बघायचं. मगच मोठा कागद काढायचा. कागद महाग होता, म्हणून आम्ही पट्टीला विचारायचो. तू कुणाला विचारलंस?”

लेक गप्प राहिली. बापाचा आवाज नरम झाला. “1919 च्या हत्याकांडानंतर नारायण विरकर नावाचा आपला मराठी फोटोग्राफर जालियनवाला बागेत गेला आणि भिंतींवरच्या गोळ्यांच्या खुणांचे फोटो काढून आला. त्या खुणा काळ्या डागात बुडाल्या असत्या तर ते फोटो साक्ष देऊ शकले असते का? कृष्णधवल फोटोचा जीव काळ्यातल्या काळ्यात असतो, पोरी. तो सांभाळायचा तर काळा कुठल्या पायरीवर मेला ते आधी शोधलं पाहिजे.”

त्या रात्री लेकीने एक पट्टी तयार केली. कोऱ्या पांढऱ्यापासून गडद काळ्यापर्यंत एकवीस पायऱ्या. ती दुकानातल्या प्रत्येक कागदावर छापली आणि दोघं एकेक पायरी तपासत बसली.

पहिला दोष कागदावरच सापडला. प्रिंटरला सांगितलेला कागद एक होता आणि आत घातलेला दुसरा. त्यामुळे शाई गरजेपेक्षा जास्त पडत होती आणि शेवटच्या काही पायऱ्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. कागदाची नोंद बरोबर केल्यावर त्यातल्या बऱ्याच वेगळ्या झाल्या.

दुसरा दोष पडद्यावर होता. दुकानात उजेड फार म्हणून मॉनिटरची चमक पूर्ण चढवलेली होती. तेजाळ पडद्यावर सावली उघडी दिसायची, पण कागद स्वतः उजळत नाही, तो पडलेला उजेडच परत देतो. फोटोच्या कामाला पडदा दर चौरस मीटरला 80 ते 120 कॅन्डेलाच्या आसपास ठेवतात. तेवढी चमक उतरवली आणि टोपीखालचा अंधार पडद्यावरही दिसू लागला.

तिसरा दोष सगळ्यांच्या मुळाशी होता. स्कॅनर ‘ऑटो’वर होता. फोटो उठावदार व्हावा म्हणून त्याने परस्पर गडद छटा काळ्यात ढकलल्या होत्या. मूळ फोटोत चांदीने इतकी वर्षं जपलेला चेहरा प्रिंटरपर्यंत पोचलाच नव्हता. लेकीने ऑटो बंद केलं आणि 16 बिटमध्ये पुन्हा स्कॅन केलं. 8 बिटमध्ये पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत 256 छटा मिळतात, 16 बिटमध्ये 65 हजारांहून जास्त. अंधार उपसायचा तर इतकी मोकळीक लागतेच. मग तिने सगळा फोटो उजळ न करता फक्त टोपीखालची सावली हळूहळू वर आणली.

जुन्या प्रिंटरवरच नवी प्रिंट निघाली. डोळे आले. गालावरच्या सुरकुत्या आल्या. ओठांच्या कोपऱ्यातलं, पडद्यावर कधी न दिसलेलं पुसटसं हसू आलं.

“बघ,” बाप म्हणाला, “यंत्र घेतलं असतं तर हे कळायला आणखी वर्ष गेलं असतं.”

“पण बाबा, हिरवी झाक अजून आहे,” लेक म्हणाली.

“आहे. ती तुझ्या हुन्नराने जाणार नाही. तिथे यंत्रच लागेल. आणखी एक गोष्ट. हे फोटो उत्तनला, खाऱ्या वाऱ्यात लागणार. आपली शाई डायची. ती कागदात मुरते, पण ऊन आणि मोकळी हवा लागली की लवकर उडते. पिगमेंटची शाई जास्त टिकते. मावशी फोटो नेतेय नातवंडांसाठी.”

“मग घ्यायचा?”

बापाने कामाची वही उघडली. मागच्या वर्षभरात मोठ्या कृष्णधवल प्रिंटची कामं बोटांवर मोजण्याइतकीच होती. अशा प्रिंटरला पडून राहणं सोसत नाही. महिनोन्‌महिने छपाई झाली नाही तर शाई नळ्यांच्या तोंडाशी सुकते, ती उघडायला सफाई करावी लागते आणि सफाईत महागडी शाई वाया जाते. हप्ता भरायचा, शाई ओतायची आणि वर बिनकामाचं यंत्रही पुसत बसायचं, हा हिशेब जुळत नव्हता.

म्हणून दोघांनी ठरवलं की मावशीच्या चार प्रिंट फोर्टातल्या लॅबमध्ये करड्या शायांच्या यंत्रावर काढायच्या आणि जास्तीचा खर्च स्वतःच्या नफ्यातून द्यायचा. महिन्याला अशा कामातून हप्ता आणि शाई निघेल, शिवाय यंत्र आठवड्यातून एकदा तरी चालेल, एवढं काम जमलं की खरेदी करायची. त्याआधी नाही.

मावशी आली. तिने प्रिंट हातात घेतली आणि बोलायचीच थांबली. थोड्या वेळाने म्हणाली, “बाबा हसत होते होय? हे मला कधी दिसलंच नव्हतं.” लेकीने चारही फोटो माउंट लावून दिले. पावसाळ्यात फोटो काचेला चिकटू नये म्हणून मध्ये जागा सोडायची, चुलीजवळच्या किंवा थेट उन्हाच्या भिंतीवर तो लावायचा नाही, हेही समजावून सांगितलं.

पुढे मावशीच्या शेजारणी आल्या. मग पाली, चौक, डोंगरी, मोर्वा, मुर्धा इथून लोक येऊ लागले. कुणाकडे मिठागरावरच्या आजोबांचा फोटो, कुणाकडे चर्चच्या पायऱ्यांवरचं आजीचं लग्न. प्रत्येक फोटोत कुणाचा तरी चेहरा अंधारात अडकलेला. लेक आता आधी मूळ फोटो भिंगाखाली तपासायची, पट्टी छापायची, मगच कागदाला हात लावायची. लॅबच्या फेऱ्या वाढत गेल्या आणि वही भरत गेली. एका महिन्याच्या शेवटी बेरीज ठरवलेल्या आकड्याच्या पलीकडे गेली, तेव्हा बापानेच सांगितलं, “आता घे.”

नवं यंत्र आलं. त्यातून निघालेली पहिलीच प्रिंट बिनचूक होती, कारण चुका कुठे होतात हे लेकीला यंत्र येण्याआधीच ठाऊक झालं होतं. जुना प्रिंटरही तिने ठेवला. पासपोर्ट आणि लग्नांची कामं तो पूर्वीसारखीच करत राहिला.

तात्पर्य: काम बिघडलं की हात आधी नव्या साधनाकडे जातो. त्याआधी दोषाचे वाटे करावेत. कसबाने सुटणारा दोष कसबाने सोडवावा, आणि उरलेल्यासाठी, हिशेब मांडून, नवं साधन बिनदिक्कत घ्यावं. दोष न शोधता घेतलेलं यंत्र तोच दोष जास्त किमतीत छापून देतं. वाचकहो, खरेदीला निघाल तेव्हा दुकानदाराचा नमुना पाहून परत येऊ नका. आपलं बिघडलेलं काम बरोबर न्या आणि त्याचं उत्तर मागा.